घरचा प्रशिक्षक आणि निसटलेले सामने
स्कॉट फ्रॉस्ट यांच्या काळात नेब्रास्काचा संघ का घसरला, या वादाचा आढावा

10 सप्टेंबर 2022 च्या रात्री लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियममध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने 42 गुण केले आणि तरीही सामना गमावला. शेवटचे 36 सेकंद उरले असताना जॉर्जिया सदर्नने टचडाउन केले आणि निकाल 45-42 लागला. घरच्या मैदानावर 35 किंवा त्याहून जास्त गुण करून नेब्रास्का त्याआधी एकदाही हरला नव्हता. असे 214 सामने खेळले होते आणि सगळे जिंकले होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना पदावरून दूर करण्यात आले. 1 ऑक्टोबरपर्यंत कळ काढली असती, तर करारानुसार द्यायची सुमारे दीड कोटी डॉलरची रक्कम निम्म्यावर आली असती. विद्यापीठाने तीन आठवडेही वाट पाहिली नाही.

या घटनेला काही वर्षे झाली, तरी प्रश्न अजून धगधगता आहे. अमेरिकेतल्या सर्वांत यशस्वी महाविद्यालयीन संघांपैकी एक संघ, त्याच संघाला विजेतेपद मिळवून देणारा घरचा माणूस प्रशिक्षक म्हणून परत येतो, आणि तरीही संघ आणखी खाली जातो, हे कसे घडले? या प्रश्नावर आजवर मांडल्या गेलेल्या मुख्य भूमिका आणि त्यामागचे पुरावे इथे क्रमाने पाहू.

खेळ, राज्य आणि लाल रंग

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल: लंबगोल चेंडू, अकरा-अकरा खेळाडू, हातात चेंडू घेऊन धावणे किंवा पुढे फेकणे, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याची सक्ती. टचडाउनचे सहा गुण, त्यानंतर एक किंवा दोन जादा गुण मिळवण्याची संधी, आणि खांबांमधून चेंडू लाथाडून मिळवलेल्या फील्ड गोलचे तीन. म्हणून आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने सुटलेल्या सामन्याला एका चढाईचा सामना म्हणता येते. एक चढाई साधली असती, तर तो बरोबरीत आला किंवा पालटला असता. पुढचा बराचसा वाद याच सामन्यांभोवती फिरतो.

नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्य भागातले शेतीचे राज्य, लोकसंख्या सुमारे वीस लाख. तिथे व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ नाही. त्यामुळे विद्यापीठाचा ‘कॉर्नहस्कर्स’ हा संघ साऱ्या राज्याचा आहे. 3 नोव्हेंबर 1962 पासून घरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपत आली आहेत. सामन्याच्या दिवशी स्टेडियममध्ये जमणारे 85 हजारांच्या वर लोक, बहुतेक लाल कपड्यांतले, मोजले तर ते राज्यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या शहराहून मोठे गाव ठरते. या संघाच्या घसरणीकडे लोक इतक्या पोटतिडकीने पाहतात, ते यामुळेच.

वैभवाचा काळ

1957 ते 1961 या काळात बिल जेनिंग्ज यांच्या हाताखाली संघाने 15 सामने जिंकले, 34 गमावले. 1962 साली बॉब डेव्हेनी आले आणि चित्र पालटले. त्यांनी 1970 आणि 1971 ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. 1973 पासून त्यांचे साहाय्यक टॉम ऑस्बोर्न मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या 25 हंगामांचा हिशेब 255 विजय, 49 पराभव, 3 बरोबरी असा आहे. एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत, आणि 1994, 1995 व 1997 ही तीन विजेतेपदे.

या यशामागे नेमकी घडण होती. 1969 मध्ये विद्यापीठाने बॉइड एप्ली यांना शक्तिवर्धनाचे प्रशिक्षक नेमले. वजन उचलल्याने खेळाडू जड आणि मंद होतो असे बहुतेक प्रशिक्षक मानत, त्या काळातला हा निर्णय होता. शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चाने संघात येणाऱ्या गावोगावच्या मुलांना ऑस्बोर्न यांनी मोठी जागा दिली. धावत पुढे जाण्याची एकच पद्धत वर्षानुवर्षे घोटवली गेली, त्यामुळे राज्यातल्या शाळकरी मुलांनाही विद्यापीठाला कसा खेळाडू लागतो ते माहीत असे.

स्कॉट फ्रॉस्ट याच मातीतले. लिंकनला जन्म, वुड रिव्हर या छोट्या गावात शिक्षण. वडील नेब्रास्काकडून खेळलेले, आई 1968 च्या ऑलिंपिकमधली थाळीफेकपटू. 1997 साली 13-0 अशी अजिंक्य कामगिरी करून मिशिगनबरोबर विजेतेपद वाटून घेणाऱ्या संघाचे ते क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारे खेळाडू, होते. ऑस्बोर्न यांचा तो शेवटचा हंगाम.

उतरण फ्रॉस्ट यांच्याआधीची

ऑस्बोर्न यांच्यानंतर आलेल्या फ्रँक सोलिच यांनी सहा हंगामांत 58 सामने जिंकले, 19 हरले, आणि 2001 चा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत नेला. तिथे मियामीने 37-14 असे हरवले. 2002 मध्ये 7-7 अशी कामगिरी झाली. 2003 मध्ये नऊ सामने जिंकून तीन हरल्यावर सोलिच यांना काढण्यात आले. संघाला सामान्य दर्जावर घसरू देणार नाही, अशी तेव्हाचे क्रीडासंचालक स्टीव्ह पेडरसन यांची भूमिका होती.

पुढच्याच वर्षी, बिल कॅलाहन यांच्या पहिल्या हंगामात, 1961 नंतर प्रथमच पराभव विजयांहून जास्त झाले. सलग 35 वर्षे हंगामअखेरच्या बाउल सामन्याचे निमंत्रण मिळत आले होते, तेही चुकले. बो पेलिनी यांनी 2008 ते 2014 दरवर्षी किमान नऊ विजय मिळवले, पण लीगचे विजेतेपद हुकत राहिले आणि तेही गेले. माइक रायली यांच्या तीन हंगामांत 19 विजय, 19 पराभव झाले. त्यातला शेवटचा हंगाम, 2017 चा, 4-8 असा गेला. नेब्रास्काने लीगचे शेवटचे विजेतेपद 1999 मध्ये जिंकले होते. म्हणजे फ्रॉस्ट आले तेव्हाच त्याला अठरा वर्षे लोटली होती.

इथेच या वादातला पहिला गुंता आहे. ‘घसरण का झाली’ या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. शिखरावरचा संघ खाली कसा आला हा एक, आणि खाली आलेला संघ फ्रॉस्ट यांना वर का नेता आला नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले की सगळे परिस्थितीवर ढकलले जाते. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याला लावले की वीस वर्षांचा भार एका माणसाच्या डोक्यावर येतो.

2018 ते 2022: काय घडले

फ्रॉस्ट यांची नेमणूक डिसेंबर 2017 मध्ये झाली, ती सर्वत्र आनंद पसरवून. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ 2015 मध्ये 0-12 होता. फ्रॉस्ट यांनी तो पहिल्या वर्षी 6-7 आणि दुसऱ्या वर्षी 13-0 वर नेला. नेब्रास्काने त्यांना सात वर्षांचा, साडेतीन कोटी डॉलरचा करार दिला. इतका योग्य माणूस दुसरा नाही, यावर त्या वेळी जवळजवळ एकमत होते.

2018 मध्ये संघ पहिले सहाही सामने हरला. विद्यापीठाच्या इतिहासात अशी सुरुवात कधी झाली नव्हती. हंगाम 4-8 असा संपला. 2019 मध्ये 5-7, साथीमुळे छोट्या झालेल्या 2020 च्या हंगामात 3-5, 2021 मध्ये 3-9, आणि 2022 मध्ये तीन सामन्यांत एक विजय. एकूण 16 विजय, 31 पराभव. नेब्रास्का ज्या बिग टेन लीगमध्ये खेळतो, तिथे 10 आणि 26. एका चढाईच्या सामन्यांत पाच विजय आणि 22 पराभव.

पहिली भूमिका: दोष मैदानावरच्या कारभाराचा

ही भूमिका सर्वांत जास्त मांडली जाते. तिचा आधार बारीकसारीक चुकांच्या लांबलचक मालिकेत आहे. 2018 मध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध शेवटच्या तीन मिनिटांत दहा गुणांची आघाडी होती. प्रतिस्पर्ध्याने शेवटी 99 यार्डांची चढाई करून बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना जिंकला. 2019 मध्ये कोलोरॅडोविरुद्ध मध्यंतराला 17-0 अशी आघाडी होती, तिथेही जादा वेळेत हार.

एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. 25 सप्टेंबर 2021, ईस्ट लॅन्सिंग. मिशिगन स्टेटविरुद्ध नेब्रास्का 20-13 ने पुढे. उत्तरार्धात नेब्रास्काच्या बचाव फळीने प्रतिस्पर्ध्याला एकदाही दहा यार्ड पुरे करू दिलेले नाहीत. चार मिनिटांहून कमी वेळ उरला आहे. नेब्रास्काला फक्त चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलायचे आहे. अडवणारे खेळाडू ठरल्याप्रमाणे उजवीकडे पळतात आणि चेंडू जातो डावीकडे. जेडन रीड चेंडू झेलतो, समोर मोकळे मैदान, आणि 62 यार्ड धावून टचडाउन. जादा वेळेत मिशिगन स्टेट 23-20 ने जिंकतो. अकरा जणांनी तासभर केलेले काम एका लाथेत पुसले गेले.

लाथाडण्याच्या या विभागाला ‘स्पेशल टीम्स’ म्हणतात. टीकाकारांचा मुद्दा असा की या विभागाला पूर्ण वेळ प्रशिक्षक न देता काही काळ काम विश्लेषकाकडे सोपवले गेले. विश्लेषकाला मैदानावर शिकवण्याची तेव्हा नियमाने परवानगी नव्हती. ते घडल्याबद्दल एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने पुढे विद्यापीठावर आणि फ्रॉस्ट यांच्यावर कारवाईही केली.

दुसरे उदाहरण डब्लिनचे. 27 ऑगस्ट 2022, आयर्लंडमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध नेब्रास्का 28-17 ने पुढे होता. तिसऱ्या सत्रात फ्रॉस्ट यांनी ऑनसाइड किकचा निर्णय घेतला, म्हणजे चेंडू लांब न मारता जवळच टाकून स्वतःच परत मिळवायचा. चेंडू नॉर्थवेस्टर्नच्या हाती लागला, त्यांनी लगेच टचडाउन केले आणि शेवटी 31-28 असा सामना जिंकला. नॉर्थवेस्टर्नचा त्या संपूर्ण हंगामातला तो एकमेव विजय. उरलेले अकराही सामने ते हरले.

या भूमिकेचा आणखी एक भाग साहाय्यकांविषयी आहे. फ्लोरिडाहून फ्रॉस्ट यांनी जवळजवळ सगळे साहाय्यक सोबत आणले. बिग टेनच्या ताकदीच्या, धिम्या, थंडीत खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलचा त्यांच्यापैकी फारच थोड्यांना अनुभव होता. लीगलाच आपल्या वेगाशी जुळवून घ्यावे लागेल, अशी आशा फ्रॉस्ट यांनी सुरुवातीला बोलून दाखवली होती. नोव्हेंबर 2021 मध्ये आक्रमणाचे चार साहाय्यक बदलले गेले, तोवर उशीर झाला होता, असे ही बाजू मानते.

दुसरी भूमिका: जमीनच बदलली होती

दुसरी बाजू रचनेकडे बोट दाखवते. एकेकाळी मोठी विद्यापीठे वाटेल तितक्या शिष्यवृत्त्या देत. 1973 मध्ये 105, 1978 मध्ये 95 आणि नव्वदच्या दशकात 85 अशी मर्यादा येत गेली, तसे खेळाडूंचे मोठे राखीव बळ बाळगण्याचा फायदा कमी झाला. शक्तिवर्धनाची कला सर्वत्र पोचली. 1996 मध्ये नेब्रास्काची नवी बिग ट्वेल्व्ह लीग झाली, तेव्हा शैक्षणिक निकष अर्धवट पुरे करणाऱ्या खेळाडूंना घेण्यावर बंधने आली. त्यांचा उपयोग नेब्रास्का इतरांहून जास्त करत असे. 2011 मध्ये संघ बिग टेनमध्ये गेला. उत्पन्न वाढले, पण टेक्सासमध्ये दरवर्षी खेळणे थांबले, आणि गुणी मुलांच्या त्या मोठ्या खाणीशी असलेले नाते सैल झाले.

फ्रॉस्ट यांना मिळालेला वारसाही ही बाजू मोजते. 2019 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत नेब्रास्काचा एकही खेळाडू घेतला गेला नाही. अर्धशतकाहून अधिक काळात असे प्रथमच घडले, आणि निवडीस पात्र असलेली मुले आधीच्या प्रशिक्षकाच्या काळात आलेली होती. पुढे 2021 मध्ये एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा आणि नावाच्या मोबदल्यात पैसे घेण्याचा हक्क, हे दोन्ही एकाच वर्षी आले. वॉन्डेल रॉबिन्सन हा नेब्रास्काचा उत्तम खेळाडू केंटकीला गेला आणि तिथे पहिल्याच हंगामात हजाराहून जास्त यार्ड मिळवून बसला.

या युक्तिवादाला सर्वांत कठीण प्रश्न शेजारच्या राज्यातून येतो. आयोवाही शेतीचे राज्य, तेही बिग टेनमध्ये, तिथेही गुणी मुलांची खाण नाही. आणि 2015 ते 2021 सलग सात वर्षे आयोवाने नेब्रास्काला हरवले. त्यातच नेब्रास्काची नवी भरती बहुतेक वर्षी आयोवाहून वरची मानली जात होती. रचना दोघांसाठी सारखी असेल, तर फरक कुठून आला?

तिसरी भूमिका: धरसोडीची किंमत

तिसरी बाजू आयोवाचे उदाहरण स्वतःच्या बाजूने वापरते. कर्क फेरेन्ट्झ 1999 पासून आयोवाचे प्रशिक्षक आहेत. त्यांची पहिली दोन वर्षे 1-10 आणि 3-9 अशी होती, तरी विद्यापीठाने त्यांना ठेवले. नेब्रास्कातही एकेकाळी अशी सबुरी होती. ऑस्बोर्न ओक्लाहोमाविरुद्धचे पहिले पाचही सामने हरले होते.

2003 नंतर मात्र कॅलाहन यांची पासवर बेतलेली पद्धत, पेलिनी यांचा बचावावरचा भर, रायली यांचा व्यावसायिक धाटणीचा खेळ आणि फ्रॉस्ट यांचा वेगवान पसरट खेळ, असे बदल एकामागून एक झाले. प्रत्येक बदलात आधीच्या पद्धतीसाठी निवडलेली मुले उरत आणि नव्या पद्धतीला ती पुरी पडत नसत. क्रीडासंचालकही बदलत राहिले: पेडरसन, मग स्वतः ऑस्बोर्न, शॉन आयकॉर्स्ट, बिल मूस, ट्रेव्ह अल्बर्ट्स. फ्रॉस्ट यांना नेमणारे आणि काढणारे संचालक वेगवेगळे होते.

या भूमिकेची मर्यादा तिच्या समर्थकांनाही मान्य आहे. फ्रॉस्ट यांना पाचव्या हंगामापर्यंत संधी मिळाली. सबुरी नसल्यामुळे ते अपयशी ठरले, असे म्हणता येत नाही. त्यांच्या बाबतीत हे कारण वारशापुरतेच लागू पडते.

चौथी भूमिका: आकड्यांचे कोडे

आकडेतज्ज्ञांचा सर्वसाधारण अनुभव असा की अटीतटीच्या सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. एका वर्षी असे सामने हरणारा संघ पुढच्या वर्षी सरासरीकडे परततो. 2021 चा हंगाम पाहा. नेब्रास्काने तीन सामने जिंकले, त्यांतली एकूण आघाडी 119 गुणांची. नऊ हरले, त्या नवांमधली एकूण पिछाडी फक्त 56 गुणांची. एकही पराभव नऊहून जास्त गुणांनी नाही. बारा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांहून 63 गुण जास्त करणारा संघ 3-9 असा संपतो, हे आकडे पाहून संघ वाईट होता असे म्हणवत नाही.

म्हणूनच 2022 मध्ये फ्रॉस्ट यांना कमी पगारावर आणखी एक संधी दिली गेली. पण नशीब किती दोषी धरायचे? नाणे 27 वेळा उडवले, तर पाच किंवा कमी वेळा छापा येण्याची शक्यता साधारण तेराशेत एक आहे. प्रत्येक संघाला प्रत्येक सामन्यात निम्मी संधी असते असे नाही, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. तरीही हा हिशेब पाहता केवळ दुर्दैव हे उत्तर पुरत नाही. काहीतरी सातत्याने बिघडत होते. ते खेळाडूंच्या मनात होते, सरावात होते की बाकावरच्या निर्णयांत, हे मात्र आकडे सांगत नाहीत.

पाचवी भूमिका: घरच्या माणसाचे ओझे

शेवटची बाजू मोजमापापलीकडची आहे. आपल्या माणसाला लोक प्रश्न विचारत नाहीत, आणि तो स्वतःही परक्यासारख्या स्वच्छ नजरेने घराकडे पाहू शकत नाही, असे ही बाजू म्हणते. 1997 ची आठवण प्रत्येक सामन्यावर पसरलेली असे. नेब्रास्काला जायची आपली खरी इच्छा नव्हती, मातृसंस्थेची ओढ तिकडे घेऊन गेली, अशा आशयाचे फ्रॉस्ट 2025 मध्ये, सेंट्रल फ्लोरिडाला परतल्यावर, बोलले. नेब्रास्कात अनेकांना ते लागले. काहींना मात्र त्यात उशिरा आलेले खरे उत्तर दिसले. एका माणसाच्या मनातल्या गोष्टीवरून पाच हंगामांचा उलगडा करणे धोक्याचे आहे. पण नेमणुकीच्या वेळी भावनेने विवेकाची जागा घेतली होती का, हा प्रश्न विद्यापीठाने स्वतःला विचारावा असाच आहे.

नंतरचा पुरावा

फ्रॉस्ट गेल्यावर काय झाले, ही या वादातली सर्वांत उपयोगी कसोटी. उरलेल्या 2022 हंगामात हंगामी प्रशिक्षक मिकी जोसेफ यांनी आयोवाला 24-17 ने हरवून सात वर्षांची मालिका तोडली. म्हणजे तेच खेळाडू तो सामना जिंकू शकत होते. हा पुरावा पहिल्या बाजूचा.

पण नवे मुख्य प्रशिक्षक मॅट रूल यांच्या पहिल्या हंगामात, 2023 मध्ये, संघ 5-3 वरून शेवटचे चारही सामने हरला: तीन, तीन, सात आणि तीन गुणांनी. 2024 मध्ये सहापैकी पाच पराभव पुन्हा एका चढाईचे. प्रशिक्षक, साहाय्यक, बहुतेक खेळाडू बदलले, तरी सामने निसटण्याची खोड टिकली. हा पुरावा दुसऱ्या आणि तिसऱ्या बाजूचा. त्याच हंगामात मात्र संघ 2016 नंतर प्रथमच बाउल सामना खेळला आणि बोस्टन कॉलेजला 20-15 ने हरवून 7-6 असा संपला.

काय ठरले, काय उरले

आज काही मुद्द्यांवर बऱ्यापैकी एकमत आहे. घसरणीची सुरुवात फ्रॉस्ट यांच्या खूप आधी झाली होती. त्यांना मिळालेला संघ दुबळा होता. आणि तरीही हाताशी असलेल्या खेळाडूंतून मिळायला हवे होते तितके विजय त्यांना मिळवता आले नाहीत.

तीन प्रश्न उघडे आहेत. अटीतटीचे सामने जिंकणे शिकवता येते का, आणि येत असेल तर सरावाच्या कोणत्या तासाला? आयोवासारखी सबुरी ठेवली असती तर सोलिच किंवा पेलिनी यांच्या हाती संघ टिकला असता का? आणि खेळाडूंना वर्षागणिक विद्यापीठ बदलता येते अशा काळात, गावच्या मुलांना चार-पाच वर्षे घडवत नेण्याची ऑस्बोर्न यांची रीत पुन्हा उभी राहू शकते का?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे असे मला वाटते, कारण नेब्रास्काने गमावले ते मुळात तेच. विजेतेपदे त्या रीतीतून आली होती. फ्रॉस्ट स्वतः त्या रीतीचे शेवटचे मोठे फळ होते, आणि झाडाची निगा थांबल्यावर फळाकडून झाडाची अपेक्षा केली गेली. त्यांच्या चुका त्यांच्याच आहेत. ईस्ट लॅन्सिंगची ती लाथ आणि डब्लिनची ती किक कुठल्याही रचनेवर ढकलता येत नाही. पण पुढच्या प्रशिक्षकाला तोलताना विद्यापीठाने या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्या पाहिजेत. 1962 पासून दर शनिवारी भरून येणाऱ्या त्या लाल गर्दीचे एवढे देणे तर आहेच.